पेग कमी, पावलं जास्त

शुक्रवार दुपार, साडेतीनची वेळ. एसीचा गारठा, पापण्यांवर जेवणाचा भार आणि पडद्यावर कुणाचं तरी कधीच न संपणारं प्रेझेंटेशन. अशा वेळी तुमच्या डोक्यात काय चालू असतं? खरं सांगा. गोवाच ना? आमच्याही. फरक एवढाच, की या वर्षी आमचा गोवा डोक्यातून थेट एका एक्सेल शीटमध्ये उतरला.

आधी आमच्या गँगची ओळख करून देतो. आम्ही चौघं. एक सीए, एक एचआर, एक मी आणि एक एक्सेल. हो, त्याला आम्ही एक्सेलच म्हणतो. भेळेचे पैसे वाटून घ्यायचे असले तरी हा पठ्ठ्या कॉलम पाडतो. फेब्रुवारीत एका रात्री ग्रुपवर त्याचा मेसेज आला, ‘एप्रिलमध्ये गोवा. पब क्रॉल. प्लॅन माझा.’

तो मेसेज वाचून मी पाच मिनिटं फोन नुसता हातात धरून बसलो. कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातही आम्ही क्रॉल केला होता. पब क्रॉल म्हणजे काय ते एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. एकाच बारमध्ये ठाण मांडून बसायचं नाही, इथे एक ग्लास, तिथे एक ग्लास करत पुढे सरकायचं. क्रॉल म्हणजे रांगणं. पहिल्या बारमध्ये ऐटीत चालत शिरायचं आणि शेवटच्या बारमधून रांगत बाहेर पडायचं, ही ब्रिटिश पोरांची जुनी गंमत. आपण ती उचलली, पण एक घोळ केला. तिकडे ही मंडळी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पायी जातात. आपण गोव्यात भाड्याची स्कूटर घेतो.

आम्हीही घेतल्या होत्या. दोन स्कूटर, चार माणसं, उत्तर गोवा. तीन बार झाले होते, चौथ्याकडे निघालो होतो. एका वळणावर माझी स्कूटर घसरली. मला कोपराला खरचटलं. मागे बसलेल्या एक्सेलच्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याच्या पायात आजही रॉड आहे.

नंतर कुणीही विचारलं की मी सांगायचो, ‘वळणावर वाळू होती.’ घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, त्याच्या आईलाही सांगितलं. खोटं नव्हतं ते. वाळू होतीच.

एक्सेल कधी काही बोलला नाही. आणि आता हा मेसेज!

शीटमधला शेवटचा कॉलम

दुसऱ्या दिवशी शीट आली. वेळ, ठिकाण, काय प्यायचं, काय खायचं, पुढे कसं जायचं. सगळं नेटकं. शेवटचा कॉलम होता ‘चालक’. त्यात वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीत एकच उत्तर होतं, ‘कोणी नाही’.

मग सूचनांचा पाऊस पडला. सीएनं विचारलं, ‘बजेट कुठाय?’ एचआरनं विचारलं, ‘बायकांसाठी धड टॉयलेट आहे का, हा कॉलम कुठाय?’ प्रश्न एकदम रास्त. गोव्यातले जुने बार हे वर्षानुवर्षं गावातल्या पुरुषांचे अड्डे. एकच छोटी खोली, मागे एक मोरी. एक्सेलनं मुकाट्यानं कॉलम वाढवला आणि दोन बार यादीतून उडवले.

मी काहीच सुचवलं नाही. मला फक्त तो ‘कोणी नाही’ दिसत होता.

एक्सेलचं म्हणणं साधं होतं. बार निवडायला अक्कल लागत नाही, कुठलाही फोन दहा बारची नावं सांगेल. प्लॅनिंग करायचं ते दोन बारमधल्या अंतराचं. ते अंतर पायी, बसनं, फेरीबोटीनं किंवा आगगाडीनं कापता आलं पाहिजे. नाहीतर तो बार यादीत नाही, कितीही ‘हॅपनिंग’ असला तरी. त्यामुळे आपोआपच क्लब गळाले. खरं सांगायचं तर वाईटही वाटलं नाही. लोअर परळमध्ये मिळतं तेच संगीत आणि तेच कॉकटेल प्यायला रात्रभर प्रवास कशाला करायचा?

दुसरा नियम, तासाला एक ग्लास. आपलं यकृत तासाला साधारण एका ड्रिंकचा हिशेब मिटवतं. त्याला घाई नावाचा प्रकार माहीत नाही. काळी कॉफी प्या, डोक्यावर पाणी ओता, लिंबू चोखा, ते आपल्याच वेगानं चालतं. कायदाही तेवढाच कडक आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण खरं सांगू? दंडाच्या रकमेनं कुणी सुधारत नाही. एक्सेलचा एक्स-रे बघितला असता तर कदाचित सुधारले असते.

एप्रिलच का?

कारण हुर्राक! गोव्यात याला ‘उर्राक’ म्हणतात आणि तो वर्षातून तीनेक महिनेच मिळतो. डिसेंबरात जाणाऱ्या पब्लिकला याचा पत्ताच नसतो.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो इकडे आणला आणि कोकणपट्टीनं त्याला असं काही आपलंसं केलं, की आज तो परका होता यावर कुणाचा विश्वास बसत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून बोंडू पिकून झाडाखाली पडायला लागतात. दारूसाठी पडलेलेच वेचतात, तोडत नाहीत. बी वेगळी काढायची, बोंडू पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा आणि भट्टी लावायची. पहिल्या धारेचा तो उर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचा. त्यात पुन्हा आंबवलेला रस घालून दुसऱ्यांदा गाळला की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. फेणी मुरवून ठेवता येते, उर्राकला तेवढा दम नाही. हंगाम संपला की तो संपला.

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारनं फेणीला राज्याचं वारसा पेय ठरवलं. त्याआधी ती सरकारदरबारी नुसती ‘देशी दारू’ होती. फेणी म्हणजे फक्त काजूचीच, असंही समजू नका. माडाच्या सुरापासून काढलेली माडाची फेणीही असते. दक्षिण गोव्यात गेलात तर ती आवर्जून मागा.

आणि न पिणाऱ्यांसाठी? बोंडूचा न आंबलेला ताजा रस, नीरो. थंड, गोड, घशाला जरासा तुरट. सकाळी मिळाला तर सोडू नका, कारण दुपारपर्यंत तो स्वतःच दारू व्हायच्या वाटेला लागतो!

दिवस पहिला : पणजी

शुक्रवारी रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली. एकही रजा न टाकता हा कार्यक्रम बसतो, हे सीएला सगळ्यात जास्त आवडलं. सकाळी करमळीला उतरायचं. स्टेशन जुन्या गोव्याच्या जवळ. तिथून पणजी दहा-बारा किलोमीटर. रिबंदरनंतर रस्ता एका लांबलचक बांधावरून जातो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. हा बांध १६३३-३४ साली बांधलेला. आपल्याकडे नवा उड्डाणपूल दोन पावसाळ्यांत खड्ड्यांनी भरतो आणि इथे चारशे वर्षांच्या बांधावरून बस धावतेय. एचआर म्हणाली, ‘याला म्हणतात रिटेन्शन!’

मुक्काम फोंतेन्हासला. पणजीचा हा जुना मोहल्ला आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, कौलारू घरं, एवढ्याशा बाल्कन्या आणि गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल. फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी, की काही घरांवर ‘इथे फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्यात. काढू नका. लोक राहतात तिथे.

पाव-भाजी आणि बन्सचा दणदणीत नाश्ता झाला आणि बारा वाजता शीटप्रमाणे पहिला बार. नाव नसलेला, अर्ध्या दाराचा. आत चार टेबलं, भिंतीवर क्रॉस, कोपऱ्यात मोठाल्या काचेच्या बाटल्या. मालकानं वर बघत विचारलं, ‘कितें जाय?’ आम्ही एका सुरात म्हणालो, ‘उर्राक!’ ग्लासात उर्राक, वरून लिम्का, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. पहिला घोट घेतला आणि सीए म्हणाला, ‘अरे, हे तर सरबत आहे!’

हाच तो सापळा. उर्राक घशाला कळत नाही, उठताना गुडघ्यांना कळतो. साध्या बिअरच्या तिप्पट ताकद, आणि चव लिंबूपाण्याची. बाहेर एप्रिलचं ऊन. सीए दुसरा मागवणार होता. एक्सेलनं नुसतं घड्याळ दाखवलं.

पण एक्सेलच्या शीटमध्येही बग निघालाच. अडीच वाजता दुसरा बार होता. आम्ही उन्हातून वीस मिनिटं चालत गेलो तर दार बंद! शेजारचं दुकान बंद, त्याच्या शेजारचंही बंद. रस्त्यावर फक्त आम्ही चौघं आणि एक झोपलेलं कुत्रं. गोव्यातली दुपारची झोप हा विनोद नाही बरं का, ते वेळापत्रक आहे. दुपारी एकच्या सुमाराला शटर खाली, ते चारनंतर वर. एक्सेलनं तिथेच उभं राहून फोनवर ती ओळ लाल केली आणि खाली लिहिलं, ‘झोप. सगळ्यांनी.’ त्या ट्रिपमधली सगळ्यात भारी ओळ तीच. तुम्हीही प्लॅन करताना एक ते चार हा रकाना कोरा सोडा.

फेरीबोट

पाच वाजता ताजेतवाने होऊन मांडवीच्या धक्क्यावर गेलो. इथून पलीकडे बेतीला फेरीबोट जाते. आम्ही पायी चढलो, कुणी तिकीट मागितलं नाही. बोट सपाट, लोखंडी. आधी स्कूटर आणि मोटारसायकली चढतात, मग गाड्यांच्या फटींतून माणसं. पाचेक मिनिटांचा प्रवास. एका बाजूला कसिनोची तरंगती जहाजं, दुसरीकडे २०१९ साली खुला झालेला अटल सेतू आणि मधून मासेमारीचे ट्रॉलर.

बेतीच्या काठावर बोट टेकण्याआधीच सगळ्या स्कूटर एकदम सुरू झाल्या. त्या आवाजानं एक्सेल दचकला. थोडासाच. त्यानं कठडा घट्ट पकडला आणि गाड्या उतरेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच होतो. त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ‘चला, चला’ म्हणत आम्ही उतरलो, काठावर चहा प्यायलो आणि पुढच्या बोटीनं परत आलो.

रात्री फोंतेन्हासमधला जोसेफ बार. नाव तुम्ही ऐकलं असेल. खोली इतकी छोटी, की आत दहाजण असले तर अकराव्यानं रस्त्यावरच उभं राहायचं. तसे सगळे उभे असतातच. हातात ग्लास, पाठ भिंतीला, गप्पा अनोळखी माणसांशी. फेणीत कोकम घातलेलं एक लालभडक प्रकरण प्यायलो. आंबट, तिखट, खारट, सगळं एकाच घोटात. आपल्या सोलकढीचा बिघडलेला भाऊ म्हणा ना!

कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं बघितली आहेत ना तुम्ही? ते मिरांडा लोटलीचे, गोव्याचेच. त्यांच्या चित्रांतली टपोऱ्या डोळ्यांची माणसं कुठून आली असतील, हे त्या गल्लीत उभं राहिलं की समजतं. कुणी हातवारे करून भांडतंय, कुणी भिंतीला टेकून डुलतंय, एक आजोबा सगळ्यांकडे दुर्लक्ष करून आपला ग्लास सांभाळतायत.

मग रस ऑम्लेट. ऑम्लेटवर शागोतीचा झणझणीत रस ओतलेला आणि बाजूला गरम पाव. साडेदहाला आम्ही झोपायला परत. चालत, दीडशे पावलं. मोजली मी.

दिवस दुसरा : बाणावली

रविवारी सकाळी फोंतेन्हासमधून खाडी ओलांडली की पलीकडेच कदंब बसस्टँड. तिथून मडगावची शटल बस, मध्ये थांबा नाही. झुआरीवरच्या नव्या पुलावरून जाताना डाव्या हाताची खिडकी धरायची की उजव्या, यावरून एचआर आणि सीएचं भांडण. तासाभरात मडगाव. तिथून गावच्या बसनं बाणावली. हो, तीच बाणावली, ज्याला पाट्यांवर बेनॉलिम लिहितात. परशुरामानं सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला आणि बाण पडला ती बाणावली, अशी कथा आपणही लहानपणापासून ऐकत आलोय.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतीच मिस सुटली होती. इस्त्रीचे शर्ट आणि फुलाफुलांचे फ्रॉक घराकडे निघाले होते आणि काही इस्त्रीचे शर्ट थेट बारकडे! आम्ही त्यांच्या मागोमाग. बार म्हणजे एका जुन्या घराची पुढची खोली. गल्ल्यावर एक आंटी, साठीच्या पुढच्या. खायला चोरिस-पाव आणि उकडलेले चणे. आम्ही माडाची फेणी मागितली. वास उग्र आणि चव मात्र सौम्य. एक्सेलनं लिंबूसोडा घेतला. त्यानं कालही एकच ग्लास घेतला होता. कुणी आग्रह केला नाही, कारण शीटमध्ये तसा कॉलमच नव्हता.

आंटी गप्पिष्ट. बार त्यांच्या सासऱ्यांचा. मुलगा जहाजावर, मुलगी पोर्तुगालला. कोकणी-मराठी मिसळून म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक आसा. बसपी कोण ना.’ म्हणजे गिऱ्हाइकं आहेत, गल्ल्यावर बसणारं कुणी नाही. त्या रोज एक ते चार झोपतात, रात्री नऊला दार लावतात आणि कुणी जास्त प्यायला लागला की बाटली उचलून आत ठेवतात. गावातले असे बार का कमी होत चाललेत, ते एवढ्यात कळलं. आणि आपण गोव्याला जाऊन जिथे पैसे उडवतो, त्यातला रुपयाही इथे पोचत नाही, हेही कळलं.

एक्सेल उठून बेसिनकडे गेला. बसून राहिल्यावर त्याचा पाय जरा आखडतो, पहिली चार पावलं लंगडत जातो. आंटींनी ते बघितलं. त्या मला म्हणाल्या, ‘ताच्या पायाक कितें जालां?’

सीएनं ग्लासात बघितलं. एचआरनं माझ्याकडे बघितलं. वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. दोन वर्षं घोटलेलं. वळणावर वाळू होती.

मी म्हणालो, ‘आंटी, मी पिऊन स्कूटर चालवत होतो. तो मागे बसला होता.’

एक्सेल बेसिनपाशीच थांबला. नळ चालूच होता. आंटींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, ‘आनी आयज?’

‘बसनं आलो. इथून चालत जाणार.’

‘बरें केलें,’ एवढंच म्हणून त्यांनी चण्यांची बशी पुन्हा भरली. त्या बशीचे पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीत. निघताना मी म्हणालो, ‘देव बरें करूं.’ त्या म्हणाल्या, ‘फुडल्या वर्सा बेगीन यो.’ लवकर ये म्हणे, उशिरा आलास तर दार उघडं असेलच असं नाही.

आता खरोखर वाळू

गावातून समुद्र दोनेक किलोमीटर. ऊन्हं उतरेपर्यंत एका शॅकमध्ये बसलो, तळलेला बांगडा आणि ताज्या लिंबाचा सोडा. हे शॅक पावसाळ्याआधी मोडून ठेवतात आणि पाऊस संपल्यावर पुन्हा उभे राहतात, त्यामुळे जूनमध्ये जाऊन शोधू नका. मग किनाऱ्यानं उत्तरेकडे, कोलव्यापर्यंत. दक्षिण गोव्याचा हा पट्टा सलग वीसहून अधिक किलोमीटर वाळूचा आहे. पाण्याजवळची ओली वाळू कडक असते, रॉडवाल्या पायालाही चालते.

सीए आणि एचआर पुढे निघून गेले. एक्सेलची सॅक मी घेतली. बराच वेळ आम्ही नुसतेच चाललो. मग तो म्हणाला, ‘आईला माहीत होतं रे. डॉक्टरांनी वास सांगितला होता.’

मला काय बोलावं ते सुचेना. दोन वर्षं मी त्यांच्या घरी जाऊन पोहे खात होतो.

‘तू कधी बोलतोस त्याची वाट बघत होतो,’ तो म्हणाला. ‘बाकी मीही तुला थांबवलं नव्हतं. मीच मागे बसलो होतो ना?’

‘सॉरी,’ मी म्हणालो. शब्द लहान, पण दोन वर्षं अडकला होता.

‘शीटमध्ये टाकतो,’ तो म्हणाला आणि हसला. मग त्यानं खांद्यावर हात टाकला. प्रेमानं नव्हे हो, पाय दुखायला लागला होता म्हणून! कोलवा येईपर्यंत तो हात तसाच होता.

संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या. सोमवारी पहाटे ठाणे, दहा वाजता ऑफिस. डोकं दुखत नव्हतं, पोटऱ्या मात्र ठणकत होत्या. कुणी विचारलं, ‘किती बार केले?’ मी म्हणालो, ‘तीन.’ तो म्हणाला, ‘बस्स?’ हो, बस्स. बाणावली ते कोलवा वाळूतून चालत ये, मग सांगतो बस्स म्हणजे किती.

तुमचा क्रॉल, तुमचं शीट

* हंगाम : उर्राकसाठी मार्च ते मे. नीरो सकाळीच विचारा.
* गाडी : कोकणकन्येनं जाताना करमळी, येताना मडगाव. तिकीट लवकर काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं.
* फिरायला : पायी, कदंब बस, फेरीबोट. रात्री उशीर झाला तर टॅक्सी किंवा ‘पायलट’, म्हणजे पिवळ्या-काळ्या रंगाची मोटारसायकल टॅक्सी. स्कूटर घ्यायचीच असेल तर बार नसलेल्या दिवशी.
* वेळ : दुपारी एक ते चार कोरं सोडा. दिवसाला दोन, फार तर तीन बार. तासाला एक ग्लास, मध्ये पाणी आणि काहीतरी खाणं.
* बीच : उघड्यावर बाटली काढून बसू नका. बेकायदा आहे, २०१९ पासून नियम आणखी कडक झालेत. आणि फुटलेल्या काचेवर पाय कुणाचा तरी पडतोच.
* बाटली : गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. रेल्वेनं आलात तरीही.
* पैसे : छोट्या बारसाठी रोख, सुटे.
* ग्रुप : न पिणारा एक तरी मित्र घ्या, पण त्याला ड्रायव्हर करू नका. त्याचीही सुट्टी आहे.
* शेवटचा कॉलम : ‘चालक’. उत्तर तुम्हाला माहीत आहे.